बाटलीतले विरजण

तुम्ही लिहून घ्यायला बसलाच आहात, तर पहिले वाक्य हे घ्या, की निमगाव केतकीच्या तात्यांचा फोटो तुळशीच्या पानाने बिघडला नव्हता, तो मी बिघडवला होता, आणि तो बिघडणार हे मला आधीच कळलेले होते. बारामतीत आणि इंदापुरात ज्यांनी ज्यांनी विचारले त्या सगळ्यांना मी इतकी वर्षे तुळशीचे पान सांगितले, ते पान बाटलीत टाकणाऱ्या माझ्या बहिणीचे नाव सांगितले, आणि सांगताना आवाज असा ठेवला की ऐकणाऱ्याला वाटावे, बिचारा किती सोसतो आहे. माझा आवाज मुळातच मऊ. काय सांगू तुम्हाला, मऊ आवाजात सांगितलेले खोटे कोणी उलटून तपासत नाही, आणि त्याचा मी पुरेपूर उपयोग करून घेतला.

आता मुळापासून सांगतो. आमचे घर दह्याचे. वडिलांचे बारामतीत दूध-दह्याचे दुकान होते आणि सगळे दही आई घरी लावत असे, रोजच्या दह्यातले थोडे बाजूला काढून तेच उद्याच्या दुधाला विरजण, त्यातले थोडे परवाच्या दुधाला, असे ते कोण जाणे किती वर्षे चालत आलेले. उन्हाळ्यात कधी ते विरजण बिघडे, दह्याला तार सुटे, चव कडवट होई, तेव्हा आई सगळे गाईच्या आंबोणात ओतून द्यायची आणि हातात वाटी घेऊन शेजारी जायची, वहिनी, चमचाभर विरजण द्या हो, आमचं गेलं. दह्याच्या दुकानदाराची बायको दारोदार विरजण मागते! मी इंग्रजी शाळेत जाणारा मुलगा, मला त्या वाटीची इतकी लाज वाटे की आई परत येईपर्यंत मी परसात जाऊन उभा राहत असे. आईला मात्र कधी काही वाटले नाही. तिला दही लागायला हवे होते एवढेच. मला त्या वयात वाटे की हा अडाणीपणा आहे. अडाणीपणा कोणाचा, हे कळायला पन्नाशी उलटावी लागली.

वडील गेल्यावर दुकान बसले. मी पुण्यात एका स्टुडिओत काही वर्षे उमेदवारी करून फोटोचे काम शिकून आलो होतो, तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत पडदा लावला आणि लोण्या-तुपाची जी आतली कोठी होती तिच्या फटी बुजवून, दाराला आतून घोंगडी लावून डार्करूम केली. माझी पत्नी लवकर गेली, मूलबाळ नव्हते. धाकटी बहीण यमुना, आम्ही तिला यमू म्हणतो, ती विधवा होऊन माहेरी आली आणि घर तिने सांभाळले. मी सांभाळले असे सांगत असे, तेही दुरुस्त करून घ्या.

आता हे फिल्म धुवायचे औषध काय असते ते थोडक्यात सांगतो, कारण सगळे त्यावरच आहे. फिल्मवर चित्र उमटते ते डेव्हलपरमध्ये. पुड्या मोजून पाण्यात विरघळवायच्या, ते पाणी उकळून गार केलेले हवे, कारण आमच्याकडच्या विहिरीचे पाणी जड, त्याने तळाशी पांढरा साका बसतो. माझ्या पुण्याच्या गुरूंनी मला शिकवले होते की हे औषध एकदा वापरून फेकायची गरज नाही. दर फिल्मनंतर थोडे जुने काढून टाकावे आणि तेवढीच नवी, जास्त तेज केलेली भर घालावी, म्हणजे औषध पुष्कळ दिवस चालते, आणि खरे तर कोऱ्या औषधापेक्षा मुरलेल्या औषधात चेहरे मऊ येतात. हे सगळे खरे आहे. पण गुरूंनी पुढे आणखी एक सांगितले होते, की केव्हातरी ते संपतेच, तेव्हा सगळे ओतून द्यायला मागेपुढे पाहू नकोस. हे पुढचे वाक्य मी विसरलो. सोयीचे तेवढे लक्षात ठेवण्याची कला मला उपजत आहे.

मी त्या औषधाला विरजण म्हणू लागलो. गिऱ्हाइकांना म्हणायचो, पावणं, हे आमच्या घराण्याचं विरजण आहे, धंदा सुरू केला त्या दिवसापासून ही बाटली एकदाही कोरडी पडलेली नाही. लोक कौतुकाने बघत. बाटली काळपट तपकिरी, डॉक्टरांच्या कंपाउंडरकडून आणलेली, कारण उजेडाने औषध मरते, आणि वाऱ्यानेही मरते, म्हणून ती नेहमी गळ्यापर्यंत भरलेली लागते. औषध कमी झाले की यमू सोडावॉटरच्या फुटक्या बाटल्यांतल्या काचेच्या गोट्या धुऊन त्यात एकेक सोडायची, की औषध पुन्हा वर गळ्याशी येई. उन्हाळ्यात ती बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. पाणी उकळणे, फडक्यातून गाळणे, गोट्या, वाळू, सगळे यमूचे. माझे काय, तर गिऱ्हाइकापुढे बोलणे.

आणि बोलण्यात माझा मुख्य विषय म्हणजे इंदापूरचे गणपतराव. ते मूळचे दुकानांच्या पाट्या रंगवणारे, मग कॅमेरा घेतला. त्यांच्या पडद्यावर तळे होते आणि तळ्यात बदके होती, आणि फोटोतल्या प्रत्येक माणसाच्या गालाला ते ब्रशने गुलाबी रंग लावून देत, मग तो माणूस सत्तर वर्षांचा का असेना. औषध ते दर वेळी नव्या तयार पुडीचे करत आणि काम झाले की गटारात. मी त्यांना पुडीवाले म्हणत असे. बाजारच्या दिवशी चारचौघांत म्हणायचो, पुडीवाल्यांच्या हाताला मुरवण नाही हो, तिथे बायका फोटो काढायला जातात आणि बदके घेऊन येतात. लोक हसत. हे त्यांच्या कानावर जात होते, आणि ते जावे अशीच माझी व्यवस्था असे. भेटले की मात्र ते विचारायचे, काय अण्णा, बरं हाय का. माझ्यासारख्या माणसाला हे फार खुपते. ज्याला तुच्छ मानावे तो नीट वागला की आपली पंचाईत होते, म्हणून मी त्यांना आणखी तुच्छ मानू लागलो.

तर ते वर्ष. लगीनसराई जोरात झाली, फिल्मवर फिल्म धुतल्या, आणि भर घालायच्या पुड्या संपल्या. पुण्याहून पार्सल यायचे होते ते येईना. मी भर न घालता तसेच काम रेटत राहिलो. औषधाचा रंग चहासारखा होता तो गुळाच्या काढ्यासारखा झाला. अशात निमगाव केतकीहून तात्या आले. उसाचे आणि भाजीपाल्याचे बागायतदार, मिशा पांढऱ्या, आवाज मोठा. म्हणाले, मास्तर, घरी चला, सगळ्या घराचा एक फोटू काढायचाय, आन् तो ह्या आटवड्यातच. मी म्हटले, एवढी घाई? म्हणाले, पोरं वायली निघत्यात. वाटणी ठरली. आंगनात भिंत घालायची, इटा यून पडल्यात. भिंत हुयाच्या आदी एकदा समदी एका वळीत बसल्याली मला बघायचीत, मग काय का हुईना.

मी यष्टीने गेलो. काय सांगू तुम्हाला, त्या अंगणात विटांचा ढीग खरोखरच पडलेला, आणि दोन्ही भाऊ त्याच्या दोन बाजूंना दोन पाहुण्यांसारखे उभे. धाकटी सून म्हणाली, ती जावबाई बसंल त्या वळीत मी न्हाय बसायची. थोरली म्हणाली, मला बी काय हौस न्हाय, फोटूत भूत येतंय म्हनत्यात, एक हितं आदीच हाय. तात्या ओरडले, बसा गं! फोटूत भांडान ऐकू येत न्हाय! शेवटी दोघींच्या मधे काशीफळांची पाटी ठेवली तेव्हा त्या बसल्या. थोरल्याने टोपी नीट केली. धाकटा शेवटपर्यंत दुसरीकडे बघत होता, तर तात्यांनी हात लांब करून त्याची हनुवटी कॅमेऱ्याकडे वळवली, लहान पोराची वळवावी तशी, आणि त्या बाप्याने ती वळवू दिली. मी ते भिंगातून पाहिले. आणि मला त्या वेळी काय वाटले सांगू? मला वाटले, कसली ही माणसे, काशीफळे मधे ठेवून बसणारी, ह्यांना मुरलेल्या औषधातला फोटो आणि पुडीचा फोटो यातला फरक काय कळणार. एकाच फिल्मवर ओळीने तीन-चार फोटो त्याच घराचे घेतले आणि परत आलो.

त्या संध्याकाळी मी औषध तपासले. फिल्मच्या टोकाच्या वाया तुकड्यावर थेंब सोडायचा, औषधात जीव असेल तर तुकडा बघता बघता काळा कुळकुळीत होतो. माझा तुकडा राखेच्या रंगाचा झाला आणि तिथेच थांबला. मी आणखी थांबलो. राखच. यमू दारात उभी होती, म्हणाली, दादा, मेलं का हो? मी म्हटले, थकलंय. ती म्हणाली, मग इंदापूरच्या गणपतरावांकडनं एक पुडी आणा की, यष्टी आहे सकाळची. आईनं नसतं का शेजारून आणलं? मी हसलो. मऊच हसलो. म्हटले, यमू, त्या माणसाच्या दारात वाटी घेऊन मी उभा राहू? तू आपली वाळू ओली कर. एवढ्यावर तिने विषय सोडला. मी तिला सोडायला लावला.

दुसऱ्या दिवशी सूर्यग्रहण होते. ग्रहणात आमच्याकडे साठवलेल्या सगळ्यावर तुळशीचे पान ठेवतात, दुधात, तुपात, लोणच्यात, पाण्यात. यमूने ठेवले. आणि मी इतकी वर्षे ज्याला घराण्याचे विरजण म्हणत आलो होतो त्या बाटलीतही तिने एक पान सोडले. आता तुम्हीच सांगा, विरजणात पान घालायचे नाही तर कशात? माझ्याच फुशारकीवर तिने विश्वास ठेवला, तिचा दोष असला तर इतकाच.

त्याच्या पुढच्या पहाटे, पाणी गार असते म्हणून, मी कोठीत शिरलो. आमच्या त्या वेळच्या फिल्मला लाल उजेड चालत असे, कंदिलाला लाल काच लावून मी थाळीत औषध ओतले, फिल्म दोन्ही टोकांना धरून खालीवर करू लागलो. नेहमी कसे, आधी आभाळ काळे होते, मग पांढरे कपडे, मग हळूहळू तोंडे. त्या दिवशी काही येईना. हात भरून आले. दुप्पट वेळ झाला. मग सगळ्या फिल्मवर एक धुरकट सावली आली, तिच्यात काशीफळांच्या पाटीची कड तेवढी ओळखू येत होती. आणि त्याच वेळी थाळीच्या कडेला काहीतरी काळे तरंगताना दिसले. मी चिमटीने उचलले. तुळशीचे पान.

आता हे नीट लिहून घ्या. ते पान हातात आले तेव्हा मला राग आला नाही, मला आनंद झाला. एकदम हलके वाटले. सापडले, असे मनात आले. त्या एका पानाने औषधाच्या भरल्या बाटलीचे काही होत नाही हे मला तुमच्याइतके, नव्हे, तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक होते.

तात्या आणि थोरला मुलगा फोटो न्यायला आले. मी पान एका बशीत ठेवून दाखवले, पुराव्यासारखे. म्हटले, काय करू तात्या, बाईमाणूस, भाबडेपणाने औषधात तुळस टाकली, सगळे नासले. मी पुन्हा येतो, पुन्हा काढू. थोरला म्हणाला, आता कुठलं काढताय, भिंत कमरंइतकी आली. धाकला म्हनतो, देवालाच नको हुतं. मग तो दबक्या आवाजात म्हणाला, हात कुनाचा लागला म्हनलासा? इधवा हायेत न्हवं त्या? मी व्हय म्हणालो नाही. नाही असेही म्हणालो नाही. मी मान खाली घातली. ती मान खाली घालणे हे माझ्या आयुष्यातले सर्वांत हलकट काम आहे, कारण त्याला कोणी खोटे म्हणू शकत नाही.

बाजारच्या एका दिवसात ती गोष्ट सगळीकडे झाली. अमक्याच्या बहिणीचा हात लागला आणि भरल्या घराचा फोटो गेला. आणि यमू? यमूने ते खरे मानले. मला म्हणाली, दादा, एका पानानं असं होईल असं वाटलं नव्हतं हो, त्या म्हाताऱ्याचं मी घर पुसलं. मी म्हटले, जाऊ दे, झाले ते झाले. पाहा, क्षमासुद्धा केली मी तिला! तेव्हापासून ती कोठीत आली नाही. गिऱ्हाईक ओट्यावर चढले की ती मागच्या दाराने परसात जाऊन बसे, उन्हात सुद्धा. आणि घरात विरजण लावणे तिने बंद केले. माझ्या हाताला लागत नाही म्हणाली. दह्याच्या घरात दही विकत येऊ लागले, आणि मी ते जेवत होतो.

त्याच आठवड्यात गणपतराव आले. रुमालात दोन पुड्या. म्हणाले, अण्णा, तुमचं पार्सल आडकलं असं कळलं, एक सबूद टाकायचा हुता, घरचंच हाय की. बोलता बोलता त्यांनी माझी बाटली उचलून दाराच्या उजेडात धरली, तिचा रंग पाहिला आणि परत होती तिथे ठेवली. तुळशीचे काही विचारले नाही. ते गेल्यावर मी घराण्याचे विरजण परसात आळ्यात ओतले, त्यांच्या पुडीचे औषध करून त्याच बाटलीत भरले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सांगितले, ही बाटली पहिल्या दिवसापासून कोरडी पडलेली नाही. गोट्या खळाळत होत्या, गिऱ्हाईक मान डोलवत होते.

असे चार-पाच वर्षे चालले. चालले म्हणजे मी चालवले. तपासणी माझी रोज चाले, मनातल्या मनात, आणि रोज मी स्वतःला निर्दोष म्हणून सोडून देई.

परवाच्या हिवाळ्यात तात्या एकटे आले. खूप वाळलेले. म्हणाले, मास्तर, आता माजा एकल्याचाच काढा, दोन घरांत दोन लावतील. मी त्यांना खुर्चीवर बसवले, पडदा सरळ केला. तेवढ्यात त्यांनी आवाज खाली आणून विचारले, ती बाई हाय का अजून घरात? असली तर वाईच लांब ठिवा, म्हाताऱ्याचा येकच फोटू हाय. हे बोलणे संपायच्या आत आतून भांडे खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि मागच्या दाराची कडी वाजली. तिला कोणी सांगितले नव्हते. ती आपणच निघाली होती, गेली कित्येक वर्षे निघत होती तशी.

पुढचे काय झाले ते आधी सांगून टाकतो, मी काय बोललो ते शेवटी लिहा. तात्यांनी फोटो काढू दिला नाही. ते काठी घेऊन उठले, माझ्याकडे न बघता यमूसमोर गेले आणि म्हणाले, बाई, तुमचं नाव आमच्या दोनी घरांनी वंगाळ क्येलं, म्हाताऱ्याला पदरात घ्या. आणि गेले. भिंत आहे तशीच आहे, आता तिच्यावर दोडक्याचे वेल चढले आहेत म्हणतात. मी इंदापूरलाही जाऊन आलो. गणपतराव बदकांच्या पडद्यापुढे गाल रंगवत बसले होते, म्हणाले, अण्णा, मला त्या दिशीच ठावं हुतं, चा घेता का? मी घेतला. यमू मला अजून काही बोललेली नाही. मी विचारत नाही, तेवढी तरी लाज मला राहिलेली आहे. तात्या येऊन गेले त्या संध्याकाळी मात्र ती वाटी घेऊन शेजारी गेली आणि चमचाभर विरजण मागून आणले. आता दही घरचे असते. एखाद्या दिवशी आंबट होते, मी न बोलता खातो. बाटलीबद्दल गिऱ्हाइकाला काही सांगत नाही, रंग गडद दिसला की ओतून देतो. माझ्यासारख्याचे एवढ्यावर भागले, हे फार झाले.

तर त्या दिवशी कडी वाजली तशी मी कॅमेऱ्यामागून निघालो, तिला मागच्या दारातून हाताला धरून पुढच्या खोलीत आणले, तात्यांच्या समोर, उघड्या दारात, रस्त्यावरची दोन माणसे थांबून बघत होती त्यांच्या देखत, आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात बोललो. तात्या, ऐका. हिच्या पानाने काही झाले नव्हते. औषध आधीच मेले होते, मी ते तपासले होते, मला माहीत होते. इंदापूरला जाऊन पुडी मागायची मला लाज वाटली, म्हणून तुमचे सगळे घर मी मेलेल्या औषधात बुडवले आणि नाव हिचे पुढे केले. तुमची माफी मागतो. यमू, तुझ्या हाताने काही नासले नाही. नासवले ते मी. माझे चुकले.